शेतात दालमिल, गोदाम की गुऱ्हाळ? एनए कुठे लागतं, कुठे नाही, समजून घ्या

शेतमाल कच्चा विकण्यापेक्षा त्यावर गावातच प्रक्रिया केली तर चार पैसे जास्त मिळतात, हे आता सगळ्यांना पटलंय. पण बरेच जण आधी शेड टाकतात आणि मग कागदाच्या मागे लागतात. तोवर बँक फाइल परत करते, नाहीतर तहसीलची नोटीस येते. म्हणून खर्च करण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं काढा: माल कुणाचा, झोन कोणता आणि सातबारा काय सांगतो.

1) माल कुणाचा?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 मध्ये ‘शेतघर’ म्हणजे शेतीसाठीची इमारत कशाला म्हणायचं, ते दिलेलं आहे. अवजारं, खत, चारा किंवा स्वतःच्या शेतातला माल ठेवण्यासाठी, जनावरांसाठी आणि घरच्या माणसांना किंवा गड्यांना राहण्यासाठी बांधलेली इमारत त्यात येते. म्हणजे स्वतःच्या कांद्यासाठी चाळ बांधली, तर तो शेतीचाच भाग.

पण त्याच चाळीत गावातल्या लोकांचा कांदा भाडं घेऊन ठेवायला लागलात, की तो धंदा झाला. चाळ तीच, जमीन तीच, पण वापर बदलला. तिथून बिगरशेती वापराचे, म्हणजे एनएचे नियम लागू होतात. शहरालगतच्या काही भागांत मात्र शेतघरालाही परवानगी लागते, हे लक्षात ठेवा.

2) दालमिल, गुऱ्हाळ, हळद प्रक्रिया

इथे कलम 44-अ कामाला येतं. त्यात ‘खराखुरा औद्योगिक वापर’ असा शब्द आहे. वस्तू तयार करणं, टिकवणं, तिच्यावर प्रक्रिया करणं, कुटीरोद्योग, ग्रामोद्योग आणि त्या उद्योगाचं स्वतःचं गोदाम हे सगळं त्यात मोडतं. अशा वापरासाठी कलेक्टरची वेगळी एनए परवानगी लागत नाही. मात्र अटी आहेत:

- जमीन औद्योगिक झोनमध्ये हवी. किंवा शेती झोनमध्ये असून तिथल्या नियमावलीत तो उद्योग चालत असावा. किंवा त्या भागाला कोणतीच योजना लागू नसावी.
- मालकी निर्विवाद हवी आणि जमिनीपर्यंत जायला योग्य रस्ता हवा.
- जमीन आरक्षणात किंवा भूसंपादनात नसावी.
- वापर सुरू केल्यापासून 30 दिवसांत तहसीलदारांना लेखी कळवायचं. पोच घेऊन जपून ठेवा.

एनए परवानगी लागत नाही, याचा अर्थ बांधकाम परवानगी लागत नाही असा नाही. ती वेगळी घ्यावीच लागते.

खत-बियाण्यांचं दुकान किंवा हॉटेल हा व्यापारी वापर आहे. त्याला 44-अ ची सवलत धरून चालू नका.

3) ‘ग्रीन झोन’ म्हणजे सगळं बंद?

नाही. हा गैरसमज गावोगाव आहे. राज्यातल्या बहुतेक भागांना डिसेंबर 2020 पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. त्यात शेती झोनमध्येही कुक्कुटपालन, रोपवाटिका, शीतगृह, गोदाम, कृषी पर्यटन असे वापर अटींवर चालतात. रस्त्याची रुंदी आणि किती बांधकाम करता येईल याची मर्यादा त्यात ठरलेली असते. आपला गट कोणत्या झोनमध्ये आहे, याचा दाखला जिल्ह्याच्या नगर रचना कार्यालयातून मिळतो.

गावठाणापासून 200 मीटरच्या आत जमीन असेल, तर कलम 42-ड आहे. त्याखाली ती जमीन निवासी किंवा प्रादेशिक योजनेत बसणाऱ्या वापरासाठी एनए झाली असं मानलं जातं. आकार आणि लागू असलेलं शुल्क भरावं लागतं. पण ‘200 मीटरच्या आत काहीही चालतं’ असा अर्थ काढू नका. योजनेत बसेल तेच चालतं.

4) सातबारा नीट वाचा

‘भोगवटादार वर्ग 2’ लिहिलं असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय वापर बदलता येत नाही. इतर हक्कात बोजा आहे का, बघा. जमीन सामाईक असेल, तर भावाबहिणींची लेखी संमती आधीच घ्या. शेड उभी राहिल्यावर वाद निघाला, तर मशीन तसंच पडून राहतं आणि हप्ता मात्र चालू राहतो.

5) विजेची चूक करू नका

शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी किंवा दालमिल चालवणं हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर आहे. पकडलं तर दुप्पट दराने आकारणी होते. वेगळी जोडणी मागा.

कोणत्या क्रमाने जायचं?

1. ताजा सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा काढा.
2. झोन दाखला घ्या.
3. रस्त्याची नोंद नकाशावर आहे का, बघा. नुसती वहिवाट असेल तर ती आधी कागदावर आणा.
4. बांधकाम परवानगी घ्या.
5. मग कर्ज आणि अनुदान. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत अनुदान आहे. चौकशी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात करा.
6. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी करा.

परवानगीशिवाय वापर बदलला, तर कलम 45 प्रमाणे दंड होतो, शिवाय जमीन पूर्ववत करायला सांगता येतं. म्हणजे शेड काढायची वेळ येऊ शकते.

महसूल कायद्यात अलीकडे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या आहेत. त्यामुळे ‘आमच्या पाहुण्यांनी असंच केलं होतं’ यावर जाऊ नका. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि तहसील कार्यालयात आज लागू असलेला नियम विचारा. उत्तर तोंडी नको, अर्ज देऊन लेखी घ्या. शेडचा पहिला खांब रोवायचा तो त्यानंतरच.