कॅमेरा ज्याच्या हातात

आमच्या घरच्या अल्बममध्ये 'हे' फारसे सापडत नाहीत. कॅमेरा कायम त्यांच्याच हातात! नील आर्मस्ट्राँगचेही तसेच झाले. जुलै १९६९मध्ये चंद्रावर कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्याकडे, म्हणून गाजलेले फोटो ऑल्ड्रिनचे. हा आपला कुठेतरी पाठमोरा.

पण यानाच्या खिडकीत १६ मिलिमीटर फिल्मचा आणखी एक कॅमेरा चालू होता. त्यातली एकेक चौकट दाणेदार, धूसर. अँडी साँडर्स या ब्रिटिश गृहस्थांनी २०१९मध्ये अशा अनेक चौकटी संगणकावर एकावर एक नेमक्या बसवल्या. दाणे दर चौकटीत वेगळ्या जागी असतात, ते विरून जातात. खरा तपशील सगळ्यांत तोच, तो ठळक होतो. आणि शिरस्त्राणाच्या काचेआड चक्क आर्मस्ट्राँगचा चेहरा दिसू लागला!

२०२०मध्ये त्यांनी अपोलो १३च्या फिल्मच्या चौकटी शेजारी शेजारी जोडून यानाच्या आतली रुंद चित्रे केली. इथे मात्र माझ्यातली इतिहासाची बाई जागी झाली. कॅमेरा फिरायला वेळ लागतो, म्हणजे चित्राची डावी-उजवी बाजू एकाच क्षणाची नाही. मग हे अस्सल साधन म्हणायचे का? मी तर नाही म्हणेन. मोडी कागदाची बाळबोध नक्कल असते ना, तसे हे. शंका आली की मूळ कागद काढायचा. मूळ फिल्म ह्यूस्टनला शीतगृहात जपली आहे, म्हणून नकलेवर विश्वास.

असो. नणंदेच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये हे पंगतीत वाढताना दोन-चार सेकंद दिसतात. हे गेल्यापासून ती कपाटातच होती. काल नातवाच्या हाती दिली.