आवाज नेमका कुठे अडतो?

लातूर-नांदेडहून पुण्यात नोकरीला आलेल्या आमच्यासारख्या पोरांमध्ये पहिल्या पगारानंतर एक वाद हमखास होतो. लॅपटॉपवर गाणी ऐकायची आहेत आणि खिशात दहा हजार आहेत. मग हेडफोन बदलायचे, डॅक घ्यायचा की अँप? हा प्रश्न नवा वाटतो, पण निदान सव्वाशे वर्षं जुना आहे.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ पुढे मिरजेत स्थायिक झाले. १९०५च्या सुमाराची त्यांची ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. तेव्हा माइक नव्हता. गायक भोंग्यात तोंड घालून गायचा आणि आवाजाच्या धक्क्यानंच सुई मेणावर खाचा पाडायची. साधारण २०० हर्ट्झच्या खालचं आणि २,५०० हर्ट्झच्या वरचं फारसं काही उमटायचंच नाही. तंबोऱ्याची जवारी तर गेलीच. १९२५मध्ये विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं. १९३०च्या दशकात खाँसाहेबांनी ओडियनसाठी गायलेल्या तबकड्या माइकसमोरच्या आहेत, त्यांची मजल साधारण ५,००० हर्ट्झपर्यंत जाते. तबकडी तीन-साडेतीन मिनिटांचीच राहिली, पण माणूस एकदम जवळ आला. सुधारणा झाली ती गायकाच्या टोकाला. १९०५ची तबकडी कितीही भारी ग्रामोफोनवर लावली असती, तरी तीत नसलेली जवारी कुठून येणार?

आपल्याकडे गाणं पोचलं ते मुख्यतः रेडिओवरून. नांदेड आणि लातूर (तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात) निजामाच्या राज्यात होते. हैदराबादचा डेक्कन रेडिओ १९३५मध्ये सुरू झाला. पुढे १९६८मध्ये आकाशवाणीचं परभणी केंद्र आलं, तेही मध्यम लहरींवर. पुढे या लहरींवर दोन केंद्रांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झ ठरलं. आवाजाच्या वाट्याला त्याच्या निम्मं, म्हणजे साडेचार. स्टुडिओत सतार कितीही लखलखीत वाजो, लातूरच्या ओसरीवर एवढंच उतरणार. सेट महाग घेऊन त्यात फरक पडत नव्हता. ट्रान्झिस्टर हातात धरून फिरवल्यावर मात्र आवाज स्वच्छ व्हायचा, कारण आतल्या फेराइटच्या कांडीला दिशा कळते. जुनी माणसं हे बरोबर करायची, आणि फुकटात.

१९८२मध्ये सीडी आली. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा. माणसाच्या कानाला ऐकू येतं तेवढं सगळं त्यात मावलं. म्हणजे साठवण्याचा प्रश्न खरं तर तिथेच संपला होता. आम्ही तो परत आणला. गंजगोलाईजवळच्या मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड 'भरून' मिळायचं. शेकडो गाणी, बहुतेक १२८ केबीपीएस एमपी३, तीही कॉपीची कॉपी. अशा फायलींत १६ किलोहर्ट्झच्या वरचं सहसा छाटलेलं असतं आणि झांजांचा आवाज पत्र्यावर वाळू सांडल्यासारखा येतो.

म्हणून माझ्या मते पहिला खर्च शून्य रुपयांचा: फाइल बदला. ती चांगली असेल तर बहुतेक पैसे हेडफोनवर घाला, कारण आज फरक सर्वांत जास्त पडतो तो हलणाऱ्या पडद्यात. स्वस्त डॅकच्या चिपसुद्धा आता कानाच्या गरजेपुरत्या अचूक असतात. लॅपटॉपच्या जॅकमधून खरखर किंवा चार्जरची गुणगुण येत असेल तरच बाहेरचा यूएसबी डॉन्गल घ्या.

अँपचं उत्तर तर गणितच देतं. जॅकमधून १ व्होल्ट मिळत असेल तर ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ३१ मिलिवॅट पोचतात, सेनहायझर एचडी ६००सारख्या ३०० ओहमवाल्याला जेमतेम ३.३. आवाज पूर्ण वाढवूनही कमी पडला तर अँप घ्या. नाही पडला तर ते पैसे राहू द्या.

तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. किंचित मोठं वाजणारं नेहमी चांगलं वाटतं, आणि दुकानदारांना हे माहीत असतं. आणि १९०५चे खाँसाहेब ऐकायचे असतील, तर नवे हेडफोन खरखरच जास्त स्पष्ट ऐकवतील. तिथे एक दुपार खर्च करून त्याच तबकडीची स्वच्छ उतरवलेली प्रत शोधा.