रोवलेल्या पेशी जगल्या का?

कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत नव्या पेशी सोडल्यावर डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो: त्या जगल्या का? कवटी उघडून पाहण्याची सोय नाही. रुग्ण ‘बरं वाटतंय’ म्हणाला, तरी ते पेशींमुळे, गोळ्यांमुळे की नुसत्या आशेमुळे, हे त्याच्याकडे बघून ठरवता येत नाही. आज या प्रश्नाचं उत्तर फ्लुओरोडोपा नावाचा किरणोत्सारी पदार्थ शिरेतून देऊन पेट स्कॅनवर शोधतात. ही पद्धत काही रोवलेल्या पेशींसाठी जन्मलेली नव्हती. पण तिचा आजवरचा सगळ्यात अवघड कस लागला तो याच कामात.

तिचं मूळ घराणं स्वीडनमधल्या लुंडचं. कंपवातात ज्याच्या पेशी मरतात ते डोपामिन हे मेंदूत स्वतःचं काम असलेलं द्रव्य आहे, हे तिथे आर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं. पाठोपाठ १९६२ मध्ये बेंग्ट फाल्क आणि निल्स-ओके हिलार्प यांनी गोठवून वाळवलेल्या ऊतींना फॉर्मल्डिहाइडची वाफ देण्याची रीत प्रसिद्ध केली. वाफ दिलेला काप विशिष्ट सूक्ष्मदर्शकाखाली धरला की डोपामिनच्या पेशी हिरव्या उजळत आणि सेरोटोनिनच्या पिवळ्या. हे दोन रंग लक्षात ठेवावेत. पन्नास वर्षांनी त्यांचा संबंध पुन्हा येणार आहे. याच प्रयोगशाळेच्या परंपरेत आंदेर्स ब्यर्कलुंड तयार झाले. १९७९ मध्ये त्यांनी आणि उल्फ स्टेनेवी यांनी उंदराच्या भ्रूणातल्या डोपामिन पेशी दुसऱ्या उंदराच्या मेंदूत रोवल्या, आणि त्याची बिघडलेली हालचाल सुधारली. पेशी जगल्याचा पुरावा मात्र उंदीर मेल्यावरच हाती येई.

जिवंत माणसाच्या मेंदूतलं डोपामिन दिसलं ते कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात. मॅकमास्टर विद्यापीठातल्या गार्नेट, फिरनाऊ आणि नहमियास यांनी १९८३ मध्ये त्याचं चित्र प्रसिद्ध केलं. कल्पना अतिशय सुंदर होती. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, पण ज्यापासून ते बनतं तो डोपा शिरतो. म्हणून डोपाच्या रेणूवर फ्लोरिन-१८ चा अणू चढवायचा. डोपामिनची पेशी तो कच्चा माल उचलते, त्याचं डोपामिनमध्ये रूपांतर करते आणि आपल्या पिशव्यांत साठवते. तिथे फ्लोरिन विघटित होताना विरुद्ध दिशांना गॅमा किरणांची जोडी सुटते आणि भोवतीच्या यंत्राच्या कड्याला त्यावरून जागा कळते. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं, त्यामुळे सगळा खटाटोप घाईचा. पण मेलेली पेशी माल साठवत नाही, म्हणून या चित्रात दिसतं ते पेशीचं चालू काम.

लुंडमध्ये ओले लिंडवाल यांच्या गटाने १९८७ मध्ये पहिल्या दोन रुग्णांच्या मेंदूत भ्रूणातल्या पेशी रोवल्या. फायदा नगण्य झाला आणि स्कॅनही बदलला नाही. निराश करणारा निकाल, पण तो खरेपणाने सांगितला गेला, म्हणून रोवण्याची पद्धत सुधारता आली. पुढच्या एका रुग्णात पाच महिन्यांनी पेशी रोवलेल्या बाजूच्या पुटामेनमध्ये, म्हणजे हालचालींशी संबंधित मेंदूच्या भागात, फ्लुओरोडोपा जास्त साठलेला दिसला आणि त्याची हालचालही सुधारली. हे स्कॅन लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात झाले होते. १९९० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १९९९ मध्ये पाओला पिचिनी आणि सहकाऱ्यांनी त्यापुढची पायरी गाठली. डोपामिनच्या ग्राहकांवर बसणारं रॅक्लोप्राइड हे द्रव्य वापरून त्यांनी दाखवलं, की रोवल्यानंतर दहा वर्षांनीही त्या पेशी डोपामिन सोडत होत्या.

इथवर ही कथा विजयाची वाटते. मग २००१ मध्ये कर्ट फ्रीड आणि सहकाऱ्यांची ४० रुग्णांची चाचणी आली. निम्म्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडली होती, पेशी सोडल्याच नव्हत्या. पेशी मिळालेल्या बहुतेकांच्या स्कॅनमध्ये फ्लुओरोडोपा वाढला होता. तरी आपण किती सुधारलो, या रुग्णांनी स्वतः दिलेल्या मुख्य मोजमापात दोन्ही गटांत ठोस फरक पडला नाही. शिवाय काहींना गोळ्या कमी केल्या किंवा थांबवल्या तरी न आवरणाऱ्या हालचाली सुरू झाल्या. माझ्या मते या कुळकथेतला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. पेशीचं जगणं आणि माणसाचं बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उजळलेलं चित्र दाखवून कोणी दुसरीची हमी देत असेल, तर ती हमी त्या चित्रात नसते.

त्या हालचालींचं एक कारण पुढे स्कॅननेच शोधलं. २०१० मध्ये मारिओस पोलिटिस आणि सहकाऱ्यांनी, लिंडवाल व ब्यर्कलुंड यांच्यासह, लुंडच्या दोन जुन्या रुग्णांना सेरोटोनिनच्या पेशी दाखवणारं द्रव्य दिलं. रोवलेल्या भागात त्या पेशी प्रमाणाबाहेर होत्या. भ्रूणातून ऊती घेताना शेजारच्या सेरोटोनिन पेशीही सोबत येतात. त्या डोपा उचलतात आणि डोपामिन वेळीअवेळी सोडतात. फाल्क-हिलार्पच्या कापात हिरव्याशेजारी पिवळं लगेच वेगळं दिसलं असतं. फ्लुओरोडोपा एकटा ते सांगू शकत नव्हता. सेरोटोनिन पेशींना आवर घालणारं बुस्पिरोन दिल्यावर हालचाली कमी झाल्या. स्कॅनवरून थेट उपचारापर्यंत पोचल्याची इतकी स्वच्छ उदाहरणं या क्षेत्रात फार नाहीत.

दुसरी एक शाखाही आहे: पेशींत आधीच लोहाचे सूक्ष्म कण भरायचे आणि एमआरआयवर काळा डाग शोधायचा. पेशी कुठे पडल्या हे कळायला ती उपयोगी. पण पेशी मेली तरी लोह उरतं, आसपासच्या सफाई पेशी ते गिळतात आणि डाग तसाच राहतो. जगण्याचा पुरावा म्हणून तो डाग पुरत नाही.

आता भ्रूणाच्या ऊतींची जागा मूळपेशींपासून बनवलेल्या पेशी घेत आहेत, आणि त्यांत सेरोटोनिनच्या पेशी येऊ नयेत यासाठी विशेष काळजी घेतली जाते. क्योटोत जुन ताकाहाशी यांच्या गटाने २०१८ मध्ये पहिल्या रुग्णात अशा पेशी सोडल्या. २०२५ मध्ये निकाल आले: ज्या सहा जणांत परिणाम तपासला, त्यांच्या पुटामेनमधली फ्लुओरोडोपाची उचल दोन वर्षांत सरासरी ४४.७ टक्क्यांनी वाढली, आणि औषधाचा असर नसतानाची हालचाल त्यांतल्या चौघांत सुधारली. त्याच वेळी उत्तर अमेरिकेत १२ रुग्णांच्या चाचणीतही स्कॅनवर वाढ दिसली. या दोन्ही चाचण्यांत तुलनेचा गट नव्हता. बनावट शस्त्रक्रियेचा गट असलेली पुढची चाचणी हाती घेतली गेली आहे, आणि तिथे मुख्य मोजमाप रुग्णांच्या हालचालीचं आहे, चित्राचं नाही.