सुभेदार घरी परतल्यावर

आमच्या अमडापुरात पहाटे चिखली रस्त्यावर पोरं धावतात. भरतीची तयारी. सोळाशे मीटर किती मिनिटांत काढायचं, छाती किती फुगली पाहिजे, सगळं तोंडपाठ. अग्निवीर म्हणून लागलं तर चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जण सैन्यात राहणार, हेही त्यांना माहीत आहे. बाकीच्यांनी परत येऊन काय करायचं, असं विचारलं की पोलीस भरती, नाहीतर सिक्युरिटी गार्ड, एवढंच उत्तर येतं.

वर्दी उतरवून परतलेल्या माणसाचं काय होतं, हे शोधायला मी दापोलीपर्यंत मागे जातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे महार पलटणींतल्या पेन्शनरांची वस्तीच होती. पलटणीने त्यांना पगार दिला, हुद्दा दिला आणि अक्षर दिलं. सैनिकांच्या मुलामुलींसाठी लष्कराच्या शाळा होत्या. गावात ज्याला शाळेची पायरी चढू देत नसत, तो पलटणीत मास्तर होऊ शकत होता.

रामजी सकपाळ तसेच मास्तर. महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक, हुद्दा सुभेदाराचा. निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला, मग साताऱ्याला. पेन्शन होती, तरी त्यांनी पुन्हा नोकरी धरली. खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर तलाव खोदणं चाललं होतं, तिथे ते रोखपाल. हिशेब, हजेरी, शिस्त हे सगळं पलटणीतून आलेलं. कागदावर पाहिलं तर पुनर्वसन उत्तम झालं म्हणायचं!

१९०१ च्या सुमारास त्यांची मुलं त्यांना भेटायला रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. कपडे नीटनेटके. जात कळली आणि एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. तो बाजूने चालणार. वाटेत प्यायला पाणीही मिळालं नाही. त्या मुलांत नऊ-दहा वर्षांचा भीमराव होता. बापाचा सुभेदारीचा हुद्दा त्या गाडीवानाच्या लेखी शून्य होता.

महाडजवळचे गोपाळबाबा वलंगकर हेही निवृत्त लष्करी माणूस. पलटणीत कमावलेली लेखणी त्यांनी वर्तमानपत्रांत अस्पृश्यतेविरुद्ध चालवली. १८९५ मध्ये सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमलं, तर बाकीच्या सभासदांनी शेजारी बसायलाच हरकत घेतली. एव्हाना इंग्रजांनी ‘लढाऊ जमाती’ ठरवून महारांची भरतीही बंद केली होती. म्हणजे बापाला जी वाट मिळाली, ती पोराला बंद. अर्जांवर अर्ज झाले. शिवराम जानबा कांबळे यांचा १९१० चा अर्ज त्यांतलाच. पहिल्या महायुद्धात भरती थोडा काळ उघडली, पुन्हा मिटली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं.

आज बुलढाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, माजी सैनिकांना कामं देणारं ‘मेस्को’ हे सरकारी महामंडळ आहे, सरकारी भरतीत राखीव जागा आहेत. रामजींच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. पुढे ते मुंबईला गेले, परळच्या चाळीत एका खोलीत राहिले आणि पेन्शन पुरली नाही तेव्हा लेकींकडून उसने घेऊन मुलाला पुस्तकं आणत राहिले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला.