शालेय परिचारिका आणि विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

शाळेत परिचारिका असावी ही कल्पना मूलतः शरीराच्या रोगांतून जन्मास आली. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क शहरात खरूज, खुपऱ्या यांसारख्या संसर्गजन्य विकारांमुळे मुलांना शाळेतून घरी पाठविण्यात येई. घरी उपचार होत नसत आणि मूल शाळेस कायमचे अंतरे. १९०२ साली लिना रॉजर्स या परिचारिकेची तेथील चार शाळांत प्रायोगिक नेमणूक झाली. ती शाळेत औषधोपचार करी व मुलांच्या घरीही जाई. गैरहजेरी लक्षणीय प्रमाणात घटली आणि हा प्रयोग स्थिरावला. घर व शाळा यांमधील दुवा होणे हे या व्यवसायाचे लक्षण आरंभापासूनच होते, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवावयास हवी.

भारतात भोर समितीने १९४६ साली शालेय आरोग्यसेवेचा पुरस्कार केला. १९६० साली रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने या विषयाचा स्वतंत्र विचार केला. तथापि ग्रामीण महाराष्ट्रातील सरकारी शाळांत परिचारिकेचे स्वतंत्र पद रुजले नाही. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्ये बदलली तरी या बाबतीत फरक पडला नाही. शाळेच्या सर्वांत निकट राहिली ती उपकेंद्रातील आरोग्य सेविका, आणि तिचा मुख्य भार लसीकरण व माता-बालसंगोपन हाच होता.

मनाच्या आरोग्याचा प्रश्न या जिल्ह्यात एका आपत्तीने उभा केला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर व परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. त्यांच्यासाठी वाघोली येथे शैक्षणिक केंद्र उभे राहिले. अन्न, वस्त्र व निवारा दिला तरी मुलाचे पुनर्वसन पूर्ण होत नाही, हा अनुभव येथे प्रथम ठळकपणे पुढे आला.

त्यानंतरच्या काळात शासकीय योजनांची संख्या वाढली. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर परिचारिकेचेही स्थान आहे. २०१३ साली पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता व एक परिचारिका असते आणि शाळेची तपासणी वर्षातून एकदा होते. २०१४ साली किशोरवयीनांसाठी स्वतंत्र कार्यक्रम आला. २०१५ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळबरोबर उस्मानाबादची निवड झाली. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमाने प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांकडे आरोग्यदूताचे काम सोपविले. भावनिक व मानसिक आरोग्य हा त्याच्या अकरा विषयांपैकी एक होय. याप्रमाणे शालेय परिचारिकेचे कार्य आरोग्य सेविका, फिरते पथक, समुपदेशक व शिक्षक यांच्यात वाटले गेले. कार्य आहे, पण त्याची एक धनीण नाही, अशी ही स्थिती होय.

या वाटणीत जे निसटते ते भाषेच्या अंगाने पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. ‘नैराश्य’, ‘चिंताविकृती’ हे शब्द पाठ्यपुस्तकांतील व प्रपत्रांतील आहेत; मुलाच्या तोंडी ते येत नाहीत. ते म्हणते, ‘करमत नाही’, ‘पोटात दुखतंय’, ‘छातीत धडधडतंय’. घरची माणसे ‘पोरानं धसका घेतलाय’ म्हणतात, आणि ‘धसका’ या एका शब्दात भय, शोक व शरीराची दुर्बलता ही तिन्ही एकत्र नांदतात. ‘वेड’ हा शब्द मात्र सर्वजण टाळतात, कारण त्याने घरावर शिक्का बसतो. मनाचे दुःख अशा रीतीने शरीराच्या तक्रारीतून बोलते. पोटदुखीची गोळी मागावयास येणारे मूल मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. ते गावात ज्यांना ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’ म्हणतात तिच्याकडेच येते.

म्हणून परिचारिकेच्या प्रशिक्षणाचा प्रश्न केवळ लक्षणांची यादी शिकविण्याचा नाही. वारंवार उद्भवणाऱ्या पोटदुखीचे शारीरिक कारण प्रथम तपासणे, ते न सापडल्यास मुलाला खोटे न ठरविता घर, परीक्षा, मारहाण, मृत्यू यांविषयी त्याच्याच शब्दांत विचारणे, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय हे स्पष्टपणे पुसणे, आणि गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयापर्यंत त्याचा हात न सोडणे, एवढे तिला साधले पाहिजे. असे स्पष्ट विचारल्याने तो विचार बळावतो ही समजूत निराधार ठरली आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या पथकाजवळ मूल मन मोकळे करील ही अपेक्षा मात्र अवास्तव आहे, कारण विश्वास परिचयातून उपजतो. ‘परिचारिका’ या शब्दाच्या मुळाशी भोवती वावरण्याचा अर्थ आहे. धाराशिवच्या शाळांत उणीव आहे ती नेमकी अशा नित्य वावराची.