ग्रीष्मचर्या

आयुर्वेदोक्त ऋतुचर्येपैकी उन्हाळ्यात पाळावयाचा आहारविहार. शरीरातील द्रवांश व बल टिकविणे, दाह शमविणे आणि त्वचेचा वर्ण व स्निग्धता राखणे, ही तिची उद्दिष्टे होत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ६ वा, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ६४ वा व अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील ३ रा या अध्यायांत तिचे मुख्य विवेचन आढळते. ही चर्या एकाच काळी सिद्ध झालेली नाही. संहितांतील तत्त्वे, संपन्न घराण्यांतील उपचार आणि प्रादेशिक घरगुती रूढी असे तिचे तीन थर असून ते काही ठिकाणी परस्परविरोधी सल्ला देतात. आज ‘आयुर्वेदिक’ म्हणून सांगितला जाणारा उन्हाळ्यातील प्रत्येक उपाय संहितांत असतोच असे नाही.

कालविभाग व दोषविचार : संहितांनी वर्षाचे आदान व विसर्ग असे दोन भाग मानले आहेत. शिशिर, वसंत व ग्रीष्म हे आदानकालाचे ऋतू असून त्यांत सूर्य व वारा सृष्टीतील स्नेह शोषून घेतात आणि मनुष्याचे बल उत्तरोत्तर क्षीण होते, अशी कल्पना आहे. ग्रीष्मात रूक्षता वाढल्याने वाताचा संचय होतो व पुढे पावसाळ्यात त्याचा प्रकोप होतो. पित्ताचा संचय वर्षा ऋतूत व प्रकोप शरदात सांगितला आहे. म्हणजे उन्हाळा हा पित्तप्रकोपाचा ऋतू आहे, हा प्रचलित समज संहितांतील दोषक्रमाशी जुळत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात पित्तप्रकृतीच्या व्यक्तीस उष्णता सोसत नाही आणि तिच्या त्वचेवर तीळ, व्यंग व पुटकुळ्या अधिक दिसतात, असे वर्णन आहे. प्रकृतीचे हे वर्णन व ऋतूचा दोषक्रम यांची गल्लत होऊन उपर्युक्त समज रूढ झाला असावा.

अष्टांगहृदयानुसार ज्येष्ठ व आषाढ हे ग्रीष्माचे महिने होत. दोषांच्या विचारासाठी सुश्रुताने दिलेल्या दुसऱ्या विभागणीत वैशाख व ज्येष्ठ येतात. महाराष्ट्रास ही दुसरी विभागणी अधिक जवळची आहे. कारण आषाढात कोकणात मुसळधार पाऊस असतो. एका ऋतूची चर्या सोडून दुसऱ्याची धरताना आधीच्या ऋतूचे शेवटचे ७ व पुढच्या ऋतूचे पहिले ७ अशा १४ दिवसांच्या ऋतुसंधीत हळूहळू बदल करावा, असे वाग्भटाने सांगितले आहे. मानवी शरीर उष्ण हवेस सरावण्यास साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात, हे आधुनिक शरीरक्रियाविज्ञानाचे निरीक्षण या संदर्भात लक्षणीय आहे.

आहारविहार : चरकाने मधुर, शीत, द्रव व स्निग्ध अन्नपान हितकर मानले आहे. साखर घातलेला थंड मंथ, तूप, दूध व साळीचा भात यांचा त्यात समावेश होतो. खारट, आंबट, तिखट व उष्ण पदार्थ आणि व्यायाम वर्ज्य सांगितले आहेत. मद्य शक्यतो घेऊ नये, घेतल्यास भरपूर पाणी मिसळून अल्प घ्यावे, असा निर्देश आहे. दुपारी थंड घरात व रात्री चंदनाची उटी लावून चांदण्यात गच्चीवर निजावे, असेही म्हटले आहे. दिवसा झोपण्यास एरवी असलेला निषेध या ऋतूपुरता शिथिल केला आहे. सु. सातव्या शतकातील अष्टांगहृदयात कोऱ्या मृत्पात्रांतील पानके, चांदण्यात गार केलेले साखरयुक्त म्हशीचे दूध व कारंज्यांची धारागृहे यांचे वर्णन येते. हे चित्र उघडच विश्रांतीची सोय असलेल्या कुटुंबाचे आहे. भर उन्हात नांगर धरणारा किंवा दगड फोडणारा माणूस त्यात नाही.

त्वचारक्षण : सुश्रुताने त्वचेचे सात स्तर मानले असून सर्वांत बाहेरचा अवभासिनी हा वर्ण प्रकट करतो, असे म्हटले आहे. त्वचेतील भ्राजक पित्त हे अभ्यंग, स्नान व लेप यांतील द्रव्यांचे पचन करते. घाम, दुर्गंधी, विवर्णता व श्रम दूर करणे हे अनुलेपनाचे गुण त्याने दिले आहेत. चरकसंहितेतील वर्ण सुधारणाऱ्या १० द्रव्यांच्या व दाह शमविणाऱ्या १० द्रव्यांच्या गणांत चंदन, वाळा (उशीर) व उपळसरी (सारिवा) ही तीन द्रव्ये समान आहेत. त्वचेची कांती व शरीराचा दाह यांचा विचार एकत्र केला जात असे, हे यावरून दिसते. उष्णता किंवा श्रम यांनी त्रस्त असताना एकदम थंड पाण्याचा उपयोग करणे हे चरकाने कुष्ठाच्या, म्हणजे त्वग्रोगांच्या, कारणांत गणले आहे. उन्हातून आल्यावर लगेच गार पाणी घेऊ नये, या घरगुती नियमाशी ते जुळते. मात्र उष्माघातास हा नियम लावू नये. शरीराचे तापमान ४०° से.च्या वर जाऊन शुद्ध हरपू लागल्यास शरीर शक्य तितक्या त्वरेने थंड करणे व रुग्णालयात हलविणे हाच प्राणरक्षक उपाय होय.

महाराष्ट्रातील परंपरा : देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने या ग्रंथाच्या आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. १९३९ च्या आवृत्तीत अरुणदत्त व हेमाद्री या दोघांच्या टीका एकत्र आहेत. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त याने रचलेल्या भोजनकुतूहल या संस्कृत ग्रंथात अन्नपदार्थांचे गुणदोष सांगितले असून त्याचा संबंध तंजावरच्या भोसले घराण्याशी आहे.

घरगुती रूढी मात्र ग्रंथांच्या पुढे गेलेली दिसते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात उकडलेल्या कैरीचा गर कुस्करून त्यात साखर, थंड पाणी, कापूर व मिरी घालण्याची कृती आहे. मराठी घरांतील चैत्राच्या पन्ह्यात चिमूटभर मीठही पडते. ताकाच्या बाबतीत विरोध अधिक स्पष्ट आहे. उष्णकाळी, तसेच दुर्बल व दाहाने पीडित मनुष्यास ताक देऊ नये, असे सुश्रुत सांगतो. चरकानेही ग्रीष्मात दही प्रायः निषिद्ध मानले आहे. तरीही शेतावर जाणाऱ्याच्या शिदोरीत भाकरीबरोबर पातळ, मीठ घातलेले ताक पिढ्यान्‌पिढ्या असते. कोकणातील आमसुलाचे सरबतही आंबटच असते. घामावाटे पाण्याबरोबर लवणही जाते. म्हणून विश्रांती घेणाऱ्यास लवण कमी करण्याचा सल्ला कष्टकऱ्यास जसाच्या तसा लागू पडत नाही. या रूढींनी ग्रंथातील नियम श्रमाच्या गरजेनुसार बदलून घेतला, असे म्हणता येते.

मूल्यमापन : ओला वाळा, मातीचा माठ व चंदनाची ओली उटी यांचा गारवा मुख्यतः बाष्पीभवनाने मिळतो. म्हणून विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे जितके उपयोगी पडतात, तितके ते कोकणाच्या दमट हवेत पडत नाहीत. जांगल व आनूप देशांत भेद करण्याचा संहितांचा आग्रह येथे सार्थ ठरतो. २०१० मधील तीव्र उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णता-कृती-आराखडा अंमलात आणला. पूर्वसूचना, पाणी, सावली व दुपारच्या श्रमांत कपात ही अशा आराखड्यांची सूत्रे ग्रीष्मचर्येच्या मूळ तत्त्वांहून फारशी दूर नाहीत. संहितांनी जी विश्रांती गृहीत धरली होती, ती उन्हात राबणाऱ्यांना मिळवून देण्याचा प्रयत्न हा त्यांतील नवा भाग होय.