शब्दवेध : शक्कल

घाटकोपर-मुलुंडच्या धावत्या लोकलमध्ये फेरीवाला सुई ओवायचं ‘मशीन’ विकतो. मशीन कसलं, चिमूटभर पत्रा आणि त्याला केसाएवढ्या तारेचं टोक! ते सुईच्या नेढ्यात घालायचं, तारेच्या फटीत दोरा सरकवायचा, मागे ओढायचं. काम फत्ते. डब्यातलं कुणीतरी लगेच व्हिडिओ ग्रुपवर टाकतं : ‘काय शक्कल आहे!’

शब्द मूळचा अरबी. ‘शक्ल’ म्हणजे आकार, रूप. फारसीच्या वाटेने तो इकडे आला. हिंदीत त्याचा चेहरा झाला. मराठीने त्याला थेट डोक्यात नेऊन बसवलं, वर लढायलाही लावलं. (शत्रूची शकलं करतात ते ‘शकल’ वेगळं, ते संस्कृत, अर्थ तुकडा.)

सुई ओवायच्या मशीनसारख्या वस्तूचं इंग्रजी नाव ‘गॅजेट’ खलाशांच्या बोलीतलं. ज्या वस्तूचं नाव आठवेना, ती गॅजेट! रॉबर्ट ब्राउन यांच्या १८८६च्या समुद्रसफरीच्या पुस्तकात ते छापलेलं आहे. त्याला ‘उपकरण’ हा प्रतिशब्द फारच सरकारी वाटतो. वस्तूला हवं तर गॅजेटच म्हणा. पण ती सुचलेल्या डोक्याला दाद देताना ‘आयडिया’ नको, शक्कल म्हणा.